नातीला सांभाळण्याचा मोबदला

फ्रीगंज, उज्जैन
६ जानेवारी २०२५

वासंती विलास शितूत हिस,

नावाआधी सौ. लिहावे की कै., याचा निर्णय होत नाही. म्हणून पूर्ण नाव लिहितो.

तू गेल्यापासून श्रुतीच्या घरी दिवसभर इशिताला मी सांभाळतो. डबा व पाणी आपल्या घरून नेतो. लेकीच्या घरचे काही घ्यायचे नाही, हा तुझा दंडक. नातवंड झाल्यावर तो सुटतो, असे शेजारच्या सुलभाताई म्हणतात; तू तसे सांगितले नव्हतेस. इशिता मात्र माझ्या डब्यातली पोळी खाते. त्यास मनाई दिसत नाही.

श्रुतीचे ऑफिस आता मूल सांभाळण्याच्या खर्चाला साहाय्य देते. सांभाळणारा घरचा असला तरी चालते. त्याने पैसे घेतल्याची पावती हवी. मला विचारणा आली. मी कळवले : सांभाळ विनामोबदला, काम समाधानकारक.

तुझा,
विलास

१५ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तोंडी सांगितलेलं तुम्ही ऐकता, मानत नाही. म्हणून लिहून डब्याजवळ ठेवते. तुमच्या उत्तरामुळे अर्ज अडकला. आमचे साहेब हसून म्हणाले, "मॅडम, बाबूजी से रसीद ले आइए, बस."

देवास गेटच्या क्लासमधलं शिकवणं तुम्ही इशितासाठी सोडलंत. तुम्हाला पेन्शन नाही, आणि आईच्या आजारपणात शिल्लक संपली, हे मला ठाऊक आहे. ऑफिस देतंय ते घ्या. नाहीतर इशिताला पाळणाघरात घालते. तिथले बहुतेक पैसे ऑफिस भरेल. माधवराव तुम्हाला क्लासवर परत घ्यायला तयार आहेत. पण पाळणाघरात तिला तुमच्यासारखं "आपण दूध घेणार का?" असं कोण विचारणार?

रागवा, पण सही करा.

तुमची,
श्रुती

१६ जानेवारी

चि. सौ. श्रुतीस,
अनेक आशीर्वाद.

पैसे ऑफिसचे असले तरी तुझ्या खात्यातून येतील. ते घेता येत नाहीत. न घेता पावती देणेही योग्य नव्हे. सबब पाळणाघर बरे.

झोपताना इशिता कान धरते. स्वतःचा नव्हे, सांभाळणाऱ्याचा. हे तेथे कळवावे.

बाबा

३ फेब्रुवारी

वासंती विलास शितूत हिस,

इशिताला आज पाळणाघरात सोडले. ती रडली नाही. दुसऱ्या कुणाच्या चपला घालून बसली.

पायरीवर मी श्रुतीला म्हणालो, "पावती दे. सही करतो."

 ती म्हणाली, "बाबा, काल म्हणाला असतात तरी चाललं असतं."

प्रवेश झाला होता. माधवरावांनाही तिने शब्द दिला होता. ती रिक्षाने ऑफिसला गेली. मी तिच्या घरी जाऊन वाळलेली झबली घडी करून ठेवली. आणखी काम निघते का पाहिले, निघाले नाही. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. क्लासला जाताना किल्ल्या श्रुतीच्या ऑफिसात परत दिल्या.