क्रिएटिनिनचा आकडा

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं ओळखपत्र. फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते, पण आनंद गगनात मावत नाही. सीटी स्कॅनची खोली तळघरात, गारठलेली. मधे काचेची भिंत. पलीकडे पेशंट, अलीकडे आम्ही, बोलायला माइक. वरिष्ठ तंत्रज्ञांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पहिल्याच तासाला दम भरला: स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून जो डाय देतो, तो देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहायचं. आकडा चढलेला म्हणजे किडनी थकलेली. तिच्यावर आणखी ओझं टाकण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मी मान डोलावली. हे तर मला तोंडपाठ आहे.

शुक्रवार, ८
गर्दीने जीव मेटाकुटीला आला. शिवणकाम शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई आल्या, सोबत सून. जुना मधुमेह, त्यात उलट्या, ओठ सुकलेले. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता. किडनीचा त्रास आहे का, विचारलं. "मला कसली धाड भरलीय," म्हणून हसल्या. अण्णांनी जेवायला जाता जाता विचारलं, आकडा पाहिलास ना? मी हो म्हटलं आणि डाय दिला. थांबले असते तर रांग खोळंबली असती, एवढंच कारण.
टेबलावरून बाई थोडं पाणी मागत होत्या. मी म्हटलं, नंतर.
त्या घरी गेल्यावर लॅबमधून फोन आला. क्रिएटिनिन तीनच्या वर, हवं असतं एकच्या आसपास. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

शनिवार, ९
बाईंच्या घरी फोन करायला हवा. अण्णांनाही सांगायला हवं. पण मग कालचा 'हो' कुठे लपवू? कदाचित काही होणारही नाही.

मंगळवार, १२
बाई वरच्या मजल्यावर भरती. लघवी जवळपास बंद, चेहरा सुजलेला. सून लिफ्टपाशी भेटली. ताई, तुम्ही किती आपुलकीने बोलला होतात, म्हणाली. मग तिने विचारलं, डायचा काही संबंध असेल का? मी नाही म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

बुधवार, १३
दुपारी टेबल रिकामं होतं. स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "थोडं पाणी मिळेल का?" अण्णा शेजारीच बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

गुरुवार, १४
आज एक तरुण झोपला होता. आवाज बाईंचाच. काचेपलीकडे त्याचा चेहरा सुजत चालला— मला सुई लावता येईना. अण्णांनी त्याला बाहेर बसवलं.
मी ग्लास भरून रिकाम्या टेबलावर ठेवला. दार लावलं. पुन्हा उघडलं तर ग्लास रिकामा. टेबल कोरडं. खाली थेंब नाही—

शुक्रवार, १५
अण्णांना सांगितलं. डायनेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाले. पण फोन आल्यावर तू तोंड मिटून बसलीस, ती चूक तुझी. मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. तिथून वॉर्डात.
बाईंचं डायलिसिस चालू. डोळे मिटलेले. सुनेला मीच सांगितलं— सगळं. ती ओरडली नाही. रडली नाही. एवढंच विचारलं, "त्याच दिवशी कळवलं असतं, तर?"
बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, तर त्याच दिवशी उपचार सुरू झाले असते, कदाचित ही वेळ आली नसती.