आईचं चित्र विकलं गेलं

दादा,

आई गेल्यावर तिच्या फ्लॅटवरून आपण बोलणं टाकलं, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. पाठवेन असं वाटत नाही.

माझ्या चित्रांचं ऑनलाइन दुकान कालच सुरू केलं. फारच रिकामं दिसत होतं म्हणून आईचं चित्रही लावलं, मुलुंडच्या त्याच फ्लॅटच्या गॅलरीत मेथी निवडत बसलेली. ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहायला हवं होतं. त्याऐवजी कुणी देणार नाही अशी किंमत टाकली. लोकांनी पाहावं, पण राहावं माझ्याकडेच, असा लोभ असेल.

आज सकाळी ते विकलं गेलं. नाव उत्तरावहिनीचं, पत्ता तुमचा विक्रोळीचा. वहिनी चित्रावर एवढे पैसे घालणार नाही. हे काम तुझंच. ऑर्डर रद्द करावी, तर तुला वाटेल फ्लॅटसारखं आईलाही मी अडवून ठेवलं. पाठवावं, तर भावालाच आई विकली.

आत्ता कुरिअरवाला दारात ओरडला, “मॅडम, अजून पॅक नाय केलं? गाडी खाली उभीय ना!” त्याला परत पाठवलं. तुझे पैसेही परत केले.

चित्र चादरीत गुंडाळलंय. मीच घेऊन येतेय. दार तू उघड, वहिनीला पुढे करू नकोस.

तुझी,
शर्मिष्ठा