काठावरचं बोट

३ मार्च, रविवार
कॅमेरा आला! डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे फोकस हाताने जुळवायचा. सेकंडहँड, पण नीट वापरलेला. निमित्त लेकीचं. सतरा तारखेला ती नोकरीसाठी परदेशी निघतेय, दोन वर्षं तरी येणं नाही. काल सगळे अल्बम उपसले तर आई-लेकीचा एकत्र असा एकही फोटो नाही. कारण आजवर फोटो काढले बायकोनेच. लेक म्हणाली, बाबा, जायच्या आधी माझा आणि आईचा एक तरी काढा. म्हटलं, एकच काढतो, पण असा काढतो की बघत राहाल.

४ मार्च
काय ते बटण! गार, गोल, मधे हलकासा खळगा. दाबलं की आधी थोडं सैल जातं, मग अडतं, आत छोटा दिवा लागतो. आणि मग येतो काठ. त्याच्यापुढे केसभर गेलं की फोटो. पण तो काठ! मी स्विचच्या कारखान्यात तपासणीला आहे. बेल, पंखे, मिक्सर, सगळ्यांची बटणं या बोटाखालून गेली, असं एक नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग दाबा की. म्हटलं, दाबणं काय, कुणीही दाबेल.

९ मार्च
टीव्ही बघताना सराव. काठापर्यंत जायचं, थांबायचं, परत यायचं. लेकीने विचारलं, किती फोटो झाले? म्हटलं, अजून बोटाची ओळख चालली आहे. ती खो खो हसली. आईच्या खांद्यावर डोकं टेकून. मस्त फ्रेम होती. बोट काठावरच होतं. पण उजेड जेमतेम, म्हणून सोडून दिली.
संकल्प: उद्यापासून रोज दहा फोटो.

१० मार्च
पाहुणे. जमलं नाही.

१२ मार्च
कॅमेरा कामावर नेला. सुपरवायझरने हातात घेतला आणि खाडकन दाबला! माझ्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो त्याच्या डब्याचा. वर मलाच शहाणपण. म्हणे, तुमच्या टेबलाचं काम बटण कितपत सैल जातं ते बघायचं. स्विच लागायच्या आधी थांबायचं, पुढचं मशीन बघतं. इतकी वर्षं तेच केलंत, आता बोट पुढे जाईल कसं?
जळतो मेला.

१५ मार्च
आज दोघी खिडकीशी बसल्या. बायकोने केस विंचरले, ठेवणीतले कपडे घातले. फोकस जुळवायला या कॅमेऱ्यात एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात, ती एकावर एक बसवायची. बसवली. बोट काठावर. बायको म्हणाली, झालं का? म्हटलं, हलू नका. लेक म्हणाली, गाल दुखले. म्हटलं, एक सेकंद. तेवढ्यात दूध उतू गेलं. यात माझा काय दोष?

१६ मार्च
बॅगा, वजनकाटा, आरडाओरडा. या गोंधळात कला होत नाही. खरा क्षण निरोपाचाच. उद्या एअरपोर्टवर. बॅटरी फुल्ल. बोट तयार.

१७ मार्च, दुपारी
एअरपोर्टच्या दारापाशी दोघींनी मिठी मारली. मी फोकस जुळवला. बोट काठावर गेलं आणि थांबलं. दाब म्हटलं. दाबेना. मनातल्या मनात ओरडलो, अरे दाब, मेल्या, दाब! तेवढ्यात दोघी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, लेक मोबाइल उंच धरून काहीतरी करत होती. म्हटलं चला, पाठमोरा निरोप, हे तर आणखी भारी. पुन्हा फोकस. पुन्हा काठ. लेक वळून म्हणाली, बाबा, काढलात ना? तोंडातून हो निघून गेलं.
ती आत गेल्यावर बटण आपोआप दाबलं गेलं. बंद दाराचा फोटो उत्तम आलाय.
टॅक्सीत बायको रडत होती. मलाही रडू येत होतं, पण माझं कारण तिला कोणत्या तोंडाने सांगू?

१९ मार्च
लेकीचा फोन. फोटो पाठवा म्हणाली. म्हटलं, एडिटिंग चालू आहे.

२१ मार्च
पुन्हा विचारलं. म्हटलं, रंगांचं काम बाकी आहे. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला.

२३ मार्च, शनिवार
लेकीनेच फोटो पाठवला. म्हणे, बाबा, राहू द्या, माझ्याकडे आहे. एअरपोर्टवर मोबाइलवर काढलेला. दोघी गालाला गाल लावून हसतायत, डोळ्यांत पाणी. मागे, दोघींच्या डोक्यांच्या वर, मधोमध, मी. चेहऱ्यावर कॅमेरा.
बायकोने प्रिंट काढून फ्रेम करून आणायला लावली. फ्रेमवाला म्हणाला, साहेब, मागे कुणीतरी मधेच आलंय. फ्रेम बेताची आहे, वरचा भाग कापू का? बायकोला फोन केला. ती म्हणाली, बघा तुम्हीच.
म्हटलं, काप बाबा.
कापलेली पट्टी मागून घेतली. चेहरा दिसत नाही, पण बोट स्वच्छ आलंय. अगदी काठावर.