पपनसाला दिलेला दम

१ मार्च
पपनसाला पहिल्यांदाच कळ्या. बी आईने माहेरून आणलेली. आठ वर्षं नुसता पाला. आई नव्वदीची. रोज विचारते, आलं का रे? या झाडाचं खाल्ल्याशिवाय मी जायची नाही, असं तिने यमालाही बजावून ठेवलंय. संकल्प: येत्या तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, पूर्वजांच्या ताटात घरचंच पपनस. शेजारच्या त्वानला सांगून टाकलं. त्याचं झाड दरवर्षी लगडतं, म्हणून तो न विचारता सल्ले देतो.

२० मार्च, सकाळी
मासळीचं आंबवलेलं पाणी झाडाला घातलं. बायको, लुयेन, नाकाला फडकं लावून म्हणाली, फुलांच्या आधी घरची माणसं गळतील. तिला बागेतलं कळत नाही.

९ एप्रिल
फुलं गळाली. त्वान म्हणतो, खत जास्त झालं. मी म्हणतो, वारा.

२ मे
एक फळ टिकलंय. लिंबाएवढं. आईचा हात धरून नेलं, चाचपायला दिलं. तिने बोटं हुंगली आणि मासळी कुणी आणली म्हणून विचारलं.

२८ मे
फळाला कागदी पिशवी बांधली. मुंग्या, पाखरं, शेजाऱ्यांची नजर. दुपारची झोप बंद. कंबर कामातून गेली. पण माघार नाही.

१० जून
चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी. झाडांना दम द्यायचा दिवस. भर दुपारी एकाने कोयता घेऊन खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर चढून झाडाच्या वतीने बोलायचं. लुयेन म्हणाली, दम वांझ झाडाला देतात. याने बिचाऱ्याने धरलंय, तर गप बसा. पण एका फळावर भागवणारा मी नव्हे.
झाड व्हायला त्वान तयार. अंगाने पोतं, पण आवाज झाडाला शोभेलसा. मी कोयत्याच्या पाठीने खोडावर तीन टोले हाणले, देतोस की तोडू म्हणून विचारलं. वरून तो गयावया करत म्हणाला, देतो मालक, फक्त ते मासळीचं पाणी आवरा. गल्ली हसली. मी विचारलं, किती देणार? शंभर, म्हणत त्याने दोन्ही हात पसरले आणि फांदी मोडली.
त्वानचा पाय मुरगळला. पिशवी फळासकट त्याच्याखाली चिरडली.

११ जून
चूक त्वानची. शंभर म्हणायची काही गरज नव्हती. आईने विचारलं, आलं का रे? मोठं होतंय, म्हणालो.

१४ डिसेंबर
आईचं जेवण वाटीवर आलंय. रोज विचारते. रोज तेच सांगतो. नवा प्लॅन: त्वानचं पपनस. सोललं की सगळी सारखीच. आईला दिसत नाही. काळजीचं कारण नाही.

२९ जानेवारी, तेत
त्वान लंगडत फळ घेऊन आला. देठाला दोन पानंही ठेवली होती, भला माणूस. पूर्वजांना दाखवून झाल्यावर आईला फोड भरवली. आपल्या झाडाचं, म्हणालो.
तिने बराच वेळ चघळलं. गोड आहे, म्हणाली, म्हणजे त्वानचं. माझ्या माहेरचं आंबट ढाण असतं. मग उशीला टेकून म्हणाली, चला, आणखी एक वर्ष थांबायचं तर. कंटाळलेली दिसली. दुसरी फोड मात्र मागून घेतली.
कोयता लुयेनने कुठेतरी लपवलाय. मी शोधलेला नाही.