विहीर बुजवायचा ठराव

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातली विहीर बुजवणार! गल्लीचा गणपती दरवर्षी तिच्यातच विसर्जित होतो. आज गल्लीच्या तोंडाशी वॉर्डाची सभा होती. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, म्हणाले, "कुआँ भरकर पार्किंग बना देंगे. किसी को आपत्ति?"

हरकत घ्यायची सोडून आम्ही मराठी मंडळी आपसांत कुजबुजत बसलो.

"काका, तुम्ही मोठे, तुम्ही बोला."

"छे, वहिनी, तुमचं हिंदी चांगलं."

तेवढ्यात पार्षद म्हणाले, "तो सर्वसम्मति से पास!" आणि टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या? हो, वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून! काय झालं होतं मला?

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या, चेहरा खुललेला.

"टाळ्या इथवर ऐकू आल्या गं. वाचली ना आपली विहीर?"