अडणारी अक्षरं

सोनाळा,
कार्तिकातला शेवटचा सोमवार

प्रिय शालू,

तुझं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. इकडे कपाशीची वेचणी चालू आहे, पांढरी गाय गाभण आहे, आणि आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो तो दुपारी कामाच्या नादात ती विसरते. उत्तर लिहायला लगेच बसलो होतो, पण दोन ओळींवर थांबलो. तुला जे सांगायचं आहे त्याच्या आधी मला माझ्याबद्दल काही सांगायला हवं, आणि ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. कागदावर माझं अक्षर अडत नाही, म्हणून लिहितो.

आपला बाप अडखळत बोलतो हे तू जन्मापासून पाहत आलीस, त्यामुळे तुला त्याचं नवल नाही. मला मात्र लहानपणी त्यापलीकडे दुसरं काही सुचत नसे. ‘न’वर माझी जीभ रुतते, आणि माझं नाव पडलं निवृत्ती. शाळेत नाव विचारलं की मी ‘नि-नि’ करत राहायचो आणि पोरं मागून सूर धरायची. गुरुजी मनाने चांगले होते. माझी फजिती होऊ नये म्हणून वाचायची पाळी ते माझ्यावरून पुढे न्यायला लागले. पोरांच्या हसण्याने मी खचलो नव्हतो तेवढा त्या दयेने खचलो. तुझ्या सोजराआजीने मध चाटवला, वेखंड उगाळून दिलं, दर्ग्यावर नेलं. जीभ होती तशीच राहिली. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं की आपण म्हणजे दुरुस्तीला काढलेली एखादी वस्तू आहोत.

पुढे मी युक्त्या शिकलो. दुकानात जो जिन्नस हवा तो मागायचा नाही, जो तोंडातून सुटेल तो मागायचा. एकदा पूजेला नारळ हवा होता आणि मी खोबरं घेऊन घरी आलो. सोजराआजीने कपाळाला हात लावला. मी विसरलो म्हणालो. विसरभोळा म्हटलेलं मला चालत होतं.

लग्न ठरताना माझ्या काकांनीच सगळी उत्तरं दिली, पोरगा लाजाळू आहे म्हणाले. खरं काय ते तुझ्या आईला घरात आल्यावर कळलं. ती रागावली नाही. उलट मी तोंड उघडलं की उरलेलं वाक्य ती पूर्ण करायला लागली. व्यापारी आला तरी तीच बोलायची, पाहुणा आला तरी तीच. सगळं मायेने करायची, त्यात शंका नाही. पण हळूहळू लोक माझ्याच शेताबद्दल माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलू लागले आणि मी शेजारी बसून मान हलवू लागलो. कधी तिच्याकडून माझं म्हणणं चुकीचं पूर्ण व्हायचं, तरी हलवायचो. आपलं म्हणणं ते काय, त्यासाठी लोकांनी खोळंबून का राहावं, असं मला वाटायचं.

नाल्यावरचा साकव तुला आठवत असेल. तो होण्याआधी पावसाळ्यात मी तुला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचो आणि पाणी चढलं की आपल्या काठाची सगळी पोरं घरी बसायची. तू तिसरीत होतीस. पंचायत समित्या नव्या झाल्या होत्या, गावात एक काम मंजूर व्हायचं होतं, आणि ते कोणतं हे ठरवायला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बोलावली होती. आपल्या काठातर्फे पुंजाजी बोलणार होता. तो ऐनवेळी तापाने पडला. सरपंच किसनरावांनी विचारलं, पलीकडच्या लोकांचं काही म्हणणं आहे का? आमच्यातलं कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघत होते, माझ्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. कदाचित त्यामुळेच मी उठलो.

पहिलाच शब्द ‘नाला’. तो अडला. मागे कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, बसा भाऊ, घरच्या बाईले बोलू द्या. तुझी आई भिंतीशी बायकांमध्ये बसलेली होती. किसनरावांना माझी कीव आली असावी. ते म्हणाले, निवृत्तीभाऊचं म्हणणं असं दिसते की त्यांच्या काठावर वेगळी शाळा पाहिजे, आणि ते तर होणं शक्य नाही. विषय संपला होता. मान हलवली की मी सुटणार होतो. मान हलायला लागलीही होती, शालू. ती मी तिथंच थांबवली.

“ना-ना-नाही,” मी म्हणालो. “माह्यं बोलनं अजून झालं नाही. मले येळ लागते. पन बोलीन मीच.”

मग मी बोललो. शब्दाशब्दाला अडलो, पण नाला, पाणी, घरी बसलेली पोरं, सगळं सांगितलं आणि सांगून झाल्यावरच खाली बसलो. मधे केव्हातरी हसणं थांबलं होतं. लोक वाट बघत होते, माझ्या पुढच्या शब्दाची.

साकव त्या दिवशी मंजूर झाला नाही. तो पुढच्या वर्षी झाला, आणि त्यासाठी पुंजाजीनेही खेटे घातले. पण घरी परतताना मी तुझ्या आईला विचारलं, तू काऊन नाही बोलली? ती चालता चालता थांबली. “तुम्ही बोलून राह्यले होते ना,” म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली. त्या दिवसापासून तिने माझं एकही वाक्य पूर्ण केलं नाही. सुरुवातीला तिला ते फार जड गेलं. ओठ दाबून बसायची बिचारी. माझं अडणं काही गेलं नाही, आजही आहे. फक्त त्याची लाज गेली, आणि तीही एका दिवसात गेली नाही.

आता तुझ्या पत्राचं. तुझी कुंदा दिवाळीपासून अडखळायला लागली, सासूबाई म्हणतात हे तुझ्या माहेराकडून आलं, आणि म्हणून पाहुणे आले की तू तिला आतल्या खोलीत पाठवतेस. ‘बाबा, वाईट वाटून घेऊ नका’ असंही लिहिलंस. थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सासूबाईंना सांग, हो, आलं असेल माहेराकडून. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. पोर चार वर्षांची आहे. कदाचित हे आपोआप जाईल, कदाचित राहील. राहिलं तर ती जरा थांबत बोलणारी बाई होईल, एवढंच. तिला आत पाठवू नकोस, माय. तिचा शब्द अडला की हातातलं काम खाली ठेव, तिच्याकडे बघ आणि गप्प राहा. तुझा जीव तुटेल, तुझ्या आईचाही तुटायचा. तरी राहा. जावई नीळकंठरावांनाही हे वाचून दाखव. वेचणी आटोपली की मी देऊळगावला येतोच आहे. कुंदाला सांग, आजोबा तिच्याशी गप्पा मारायला येताहेत, आणि आम्हा दोघांच्या गप्पा काही लवकर उरकायच्या नाहीत, म्हणून चांगलं आठ-पंधरा दिवस राहायच्या तयारीने येताहेत.

तुझाच,
बाबा