आजीचं नवमीचं पान

अण्णा, तुमच्या वडिलांना एकाच वेळी दोन बायका होत्या. मी हे बसून लिहिते आहे, तुम्हीही बसूनच ऐका. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून "पुरावा?" एवढंच विचारलं असतंत. पुरावा आहे. तीन कागद आहेत, तिन्हींवर शिक्के आहेत, आणि ते आता माझ्या कपाटात यांच्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवले आहेत.

झालं असं की माझ्या धाकट्या भावाच्या नातीला प्रवेशासाठी दाखला काढायचा होता आणि त्यासाठी तुमच्या जन्माची नोंद हवी होती. तुम्ही हडपसरच्या मळ्यात जन्मलात की नारायण पेठेतल्या खोलीत, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर एक जून. काकांच्या दाखल्यावरही एक जून, फक्त पुढच्या वर्षीचा. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे, त्यामुळे तुमच्या पिढीतलं अर्धं पुणं एक जूनला जन्मलेलं आहे. दोघांतला थोरला कोण, हेसुद्धा मास्तरांनी उंची बघून ठरवलं असेल. तुम्ही उंच, म्हणून थोरले. तेव्हा पोरीने दोन्हीकडे अर्ज केले. एक पुण्याच्या जन्मनोंदीसाठी, एक हडपसरच्या जुन्या कोतवाल बुकासाठी, ज्यात गावातले जन्म-मृत्यू लिहीत. कुठेतरी एक नोंद सापडेल असं आम्हाला वाटलं होतं. दोन्हीकडे सापडली.

ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कागद वाचत होती आणि मी गवार मोडत होते. दोन्ही नोंदींत बापाचं नाव आजोबांचं. आईचं नाव दोन्हीकडे आजीचं. बाळाच्या नावाच्या जागी काही नाही, नुसतं "मुलगा". त्या काळी बारशाची वाट बघत नोंद कोण थांबवणार?

"आजी, पुण्यातला मुलगा मार्चमध्ये झालाय आणि हडपसरचा जूनमध्ये."

"बरं मग?"

"एकाच वर्षी! तीन महिन्यांत दोन बाळंतपणं?"

"पूर्वीच्या बायका कामाला चटपटीत होत्या."

"आजी, प्लीज. हे मेडिकली शक्य नाही."

चूक असणार म्हणून आम्ही दोघी कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी नोंद पुन्हा बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "नोंद बरोबर आहे. लिहिणाऱ्यालाच विचारायचं असेल तर तो वर गेला. तुम्हाला जाऊन विचारावं लागेल." मी म्हटलं, "जाणारच आहे, आधी दाखला द्या." बाई हसल्या आणि दाखला दिला. यांना हा प्रसंग सांगायला मी घरी येईपर्यंत शब्द जुळवत होते. जिना चढताना लक्षात आलं की हे नाहीत. नऊ वर्षं झाली, पण चांगलं काही ऐकलं की पाय अजून थोडे भरभर चालतात.

तिसरा कागद पोरीनेच काढला. कोतवाल बुकात पुढच्याच वर्षी एक मृत्यू लिहिला आहे. नाव आजीचं, नवरा आजोबा, कारण ताप. म्हणजे कागदावर आजी वारली, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनी तिने मला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. मी बारा वर्षांची असताना ती खरी गेली, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर हसूच आलं. बाया दोन होत्या, नाव एक होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव सासरचे बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, आणि ते काय असावं हे तिला विचारायची पद्धत नाही. आजोबांनी दुसऱ्या ताटातही पहिल्याच बायकोचं नाव लिहिलं. हाक मारताना चुकायला नको. आठवड्यातून तीनदा भाजीची गाडी घेऊन मंडईला यायचं, नारायण पेठेत मुक्काम करायचा, गाडी रिकामी करून मळ्यात परत. माणसाने किती लक्षात ठेवायचं? तेव्हा कायदा आड येत नव्हता म्हणे. मी मात्र आजोबांना माफ केलेलं नाही. नोंद करून ठेवते आहे.

आजीला मी एकदा विचारलं होतं, तुझं माहेरचं नाव काय गं? तिने सांगितलं नाही. म्हणाली, "हे आहे ते बरं आहे. वापरलेलं मिळालं, पण टिकलं." मला वाटलं तिच्या सासूचं वगैरे असेल.

मग मी हडपसरला गेले. काकांची थोरली मुलगी, आपली अक्का, आता ऐंशीची आहे. ज्या तुकड्यात तुम्ही आम्हाला हरभरा उपटायला न्यायचात, त्याच तुकड्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत ती चौथ्या मजल्यावर राहते आणि खाली बघून "हितं वांगी व्हती, हितं हीर व्हती" असं येणाऱ्याला दाखवते. तिने कागद हातात घेतले नाहीत, मलाच वाचायला लावले. आधी पदर तोंडाला लावून खूप हसली.

"आगं म्हंजे म्हातारा लई तयारीचा हाय की! आन् आमाला सांगायचा, खोटं बोलू नगा."

मग तिने तोंडावरचा पदर खाली घेतला. म्हणाली, "मंग माझ्या बापाची आय कोनती?"

मी सांगितलं ते असं. पहिली हडपसरची, ती गेली तेव्हा दोन्ही पोरं पाळण्यातली. दुसरीने नारायण पेठेत दोघांना अंगावर पाजून वाढवलं आणि दोघांनाही कुणी काही सांगितलं नाही. मार्चमधला मुलगा कोण आणि जूनमधला कोण हे कागदावर नाही. काका पुढे मळ्यात राहायला गेले, पण ते मळ्याच्या आवडीने. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पोर म्हणते, हल्ली रक्त तपासून कळतं, तेही मी सांगितलं. अक्का म्हणाली, "माझ्या रक्तात निस्ती साखर घावंल."

पण तिचा प्रश्न तिथेच अडकला होता. "मी म्हाळाला आजीचं पान ठिवते. आय गेल्यापासनं ठिवते, एक साल चुकली न्हाई. ते कुनाला पोचलं?"

"नाव एकच आहे, अक्का. दोघी वाटून घेत असतील."

"येका पानावर दोन सवती? भांडत्याल!" आणि मग हळू आवाजात, "न्हाई बाई. ह्यातली येक कोनतरी उपाशी ऱ्हायली. आन् ती माझी आसंल तर?"

मी घरी निघाले आणि रिक्षात बसल्यावर मला नवमी आठवली. हडपसरपासून पुलापर्यंत गर्दीत अडकून बसले होते, आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. पितृपक्ष आहे. मी तेरा वर्षांची आहे, आजी जाऊन वर्ष झालं आहे. आईने वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं सगळं केलं आहे, शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं आहे. तुम्ही पान स्वतः वाढता आहात, ते काम आईलाही देत नाही. पाणी सोडताना तुम्ही आजीचं नाव घेता. मी विचारते, "आजीचं पान अमावास्येला असतं ना? मग नवमीला कुणाचं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तिला दोनदा भूक लागते. जेव गप." आजी होती तेव्हा नवमीचं पान तीच मांडायची. तेव्हा ते कुणाचं असं आम्ही पोरांनी विचारलंच नव्हतं, आमचं लक्ष वड्यांकडे.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आजीने सांगितलं असणार, आणि पान तुमच्यावर सोपवलं असणार. काकांना तुम्ही कधीच कळू दिलं नाहीत. ती तुमची आई म्हणून तुम्ही जेवू घालत होतात, की काकांची म्हणून? काकांची असेल तर त्यांना आईवेगळं वाटू नये म्हणून त्यांचं काम तुम्ही गुपचूप करत राहिलात. तुमची असेल तर जिला तुम्ही आई म्हणत होतात तिला परकं वाटू नये म्हणून कुठेच बोलला नाहीत. दोन्हींतलं कुठलंही असलं तरी मला तुम्हीच दिसता, धोतराचा काचा मारून, खिरीत वेलदोडा पुन्हा पुन्हा घालणारे.

आता पुढचं लिहायला मला आणखी एक दिवस आठवावा लागेल. तो छापखान्यातला. मी तुमचा डबा घेऊन आले आहे आणि शाईने काळ्या झालेल्या बाकावर बसले आहे. तुम्ही खिळे जुळवता आहात, उलटी अक्षरं सुलट वाचावीत तशी भराभर. शाळा माझी सातवीला सुटली; मी वाचायला लागले ते तुम्ही घरी आणत होतात त्या टाकाऊ प्रुफांवर. त्या दिवशी समोर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आहे, खाली निमंत्रकांची नावं, त्यात एक नाव दोनदा. मी शहाणपणाने पेन्सिल घेते आणि दुसरं खोडते. तुम्ही ते बघता. तुम्ही सहसा ओरडत नाही, त्या दिवशीही ओरडला नाहीत.

"कुणाला विचारलंस?"

"दोनदा आलंय, अण्णा."

"दोन माणसं आहेत ती. चुलता आणि पुतण्या. विचारल्याशिवाय कुणाला खोडायचं नाही."

घरी येताना तुम्ही मला भिंग घेऊन दिलंत, पितळी कडेचं. म्हणालात, नीट बघ. ते अजून आहे, कोतवाल बुकातली नोंद मी त्यानेच वाचली.

तुम्ही गेलात त्या वर्षी पितृपक्षात धाकट्याने मला विचारलं, "ताई, नवमी करायची का?" घरात वाचणारी मी. हे दर शनिवारी ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणायचे, एक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी, आणि दोन्ही मीच संपवायचे. त्यांतल्या एकात सणवारांची सगळी माहिती होती. मी त्याला सांगितलं, अविधवा नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची असते. आजी तर आजोबांच्या मागे कितीतरी वर्षं होती, तिची नवमी होऊच शकत नाही. अण्णांचं ते चुकत होतं, बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. धाकट्याला तेवढंच हवं होतं, त्याला ऑफिसातून रजा मिळत नव्हती. नवमी बंद झाली. आणि हडपसरची ती बाई, जिला आयुष्यात स्वतःचं म्हणून एक नाव मिळालं तर तेही दुसरीबरोबर वाटून घ्यावं लागलं, ती मी तुमच्या पेन्सिलीनेच खोडली. या सगळ्या वर्षांत तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

या वर्षी नवमीला मी सकाळीच हडपसर गाठलं. नवमीच्या पानाचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, अक्काने उडदाची डाळ भिजत घातलीच होती. आम्ही दोघी विधवा, आम्हाला त्या दिवशी मान नाही. आम्ही वडे तळले आणि मान अक्काच्या सुनेला दिला. "बसा सूनबाई, आज तुमची चंगळ," अक्का म्हणाली, "आमी दोगी अमावाशेच्या गाडीच्या." ते खरंच आहे. मला आता नवमी मिळायची नाही, यांनी आधी नंबर लावला. अक्काने पान वाढलं, मी नाव घेऊन पाणी सोडलं. घास ठेवायला गॅलरीत गेलो तर तिथे कबुतरांसाठी जाळी, कावळा येणार कुठून? मग पान घेऊन लिफ्टने गच्चीवर गेलो. लिफ्टमध्ये एक तरुण मुलगा आमच्या पानाकडे बघत होता. अक्का त्याला म्हणाली, "आजीला घिऊन चाललोय वर." गच्चीवर पान ठेवलं. मंडईच्या वाटेच्या दिशेला ठेवायचं की मळ्याच्या, यावर आमचं थोडं वाजलं. मळा आता पायाखालीच आहे, म्हणून मधोमध ठेवलं.

अमावास्येला दुसरीचं ठेवलं, ते अक्काने माझ्याकडे येऊन वाढलं. पुढच्या वर्षीपासून दोन्ही घरांत दोन्ही दिवस. अक्का म्हणते, "दोगी माज्या. कुनी येऊन न्हाई म्हनूद्या."

पोरीला दाखला मिळाला, अण्णा. तिच्या अर्जातल्या वंशावळीत आजोबांच्या बायकोसाठी एकच रकाना होता. तिने नाव लिहिलं आणि मला विचारलं, "कुठली लिहिली म्हणू?" मी म्हटलं, त्यांना विचारलं तर सांग, जागा कमी आहे.

नवमी कुणी बंद केली ते मी अक्काला सांगितलेलं नाही. तुमच्यानंतर धाकट्याच्या आळसाने राहिली असं तिला वाटतं आणि मी तसं वाटू दिलं आहे. हे पत्र त्या तीन कागदांबरोबर घडी करून ठेवणार आहे, भिंगाखाली. आणि एक राहिलं. नवमी बंद केली त्या दिवशी मला जराही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. उलट मी मनात म्हटलं होतं, आज अण्णा असते तर म्हणाले असते, पोरीने चूक बरोबर पकडली.